चहाचा रंग आणि गिरणीचं लेबल

परवा परळला भावाकडे गेले, तर भाचीने स्वयंपाकघराचा ओटाच ताब्यात घेतलेला! परातीत कोरा चहा आणि त्यात जाड कार्डशीटचे तुकडे बुडवलेले.

"आत्या, व्हिंटेज टॅग करतेय. दादाच्या लग्नात रिटर्न गिफ्टच्या पिशव्यांना बांधायला."

कोऱ्या कागदाला मुद्दाम म्हातारं करायचं, ही गंमत मला नवीनच. कागद चहात पिवळा झाला की पंख्याखाली वाळवायचा, कडा पॉलिश पेपरने घासायच्या, वर फाटक्या वर्तमानपत्राचा तुकडा, जरीची लेस, एखादं बटण... आणि मधोमध जुनं चित्र.

चित्रासाठी तिने अण्णांच्या ट्रंकेतलं लेबल काढलं होतं. हातात कात्री. मी ओरडलेच!

अण्णा, म्हणजे माझे वडील, गिरणीत फोल्डिंग खात्यात होते. कापडाच्या घड्या घालायच्या, शिक्के मारायचे, लेबलं डकवायची. हे लेबल मात्र त्यांच्याही आधीच्या काळातलं. दोन हत्तींच्या मध्ये लक्ष्मी, खाली इंग्रजी, गुजराती आणि नागरी अक्षरं.

अशी लेबलं आधी विलायतेहून आली. मँचेस्टरचं कापड इथे विकायचं, पण गिऱ्हाइकाला वाचता येत नाही. मग चित्र हीच ओळख. हत्ती, वाघ, मारुती, आगगाडी. चित्र पाहून माणूस तेच कापड पुन्हा मागायचा, म्हणून त्याची नक्कल होऊ नये याची काळजी. इंग्लंडमध्ये १८७५ साली ट्रेडमार्क नोंदणीचा कायदा झाला, आपल्याकडे १८८९ साली मर्चंडाइज मार्क्स अ‍ॅक्ट आला. कावसजी दावरांची ताडदेवची गिरणी १८५६ साली सुरू झाली, मागोमाग इतर आल्या, आणि मुंबईच्या गिरण्यांनीही चित्रांची हीच रीत उचलली.

ही छपाई शिळेवरची. प्रत्येक रंगाला वेगळा दगड, आणि सोनेरी रंगासाठी वरून धातूची पूड. भिंगातून पाहिलं तर लक्ष्मीचा गाल म्हणजे नुसते बारीक ठिपके! राजा रवि वर्म्यांनी १८९४ साली मुंबईत छापखाना काढला तो याच तंत्राचा.

गंमत पुढे आहे. ३१ जुलै १९२१ ला, टिळकांच्या पहिल्या पुण्यतिथीच्या आदल्या दिवशी, गांधीजींनी विलायती कापडाची होळी केली ती आमच्या परळमध्येच, एल्फिन्स्टन मिलच्या आवारात. पण नुसत्या चित्रावरून कापड देशी की विलायती, हे कसं ओळखायचं? देवदेवता दोन्हीकडच्या लेबलांवर होत्या. त्यासाठी खालची अक्षरंच वाचायला हवीत, आणि ती वाचता येत नव्हती म्हणून तर चित्र!

लेबलावरची ती अक्षरं मी भाचीला वाचून दाखवली. गिरणीचं नाव, एजंटचं नाव. ती म्हणाली, "आणि आजोबांचं?"

नाही ना. सूत काढणारा, साच्यावर विणणारा, घडी घालणारा, कुणाचंच नाव त्यावर नसतं. १८ जानेवारी १९८२ ला संप सुरू झाला, अण्णा त्यानंतर कामावर परत गेलेच नाहीत. आमच्या घरी त्यांच्या नोकरीची खूण म्हणून उरलं ते हे लेबल, ज्यावर ते कुठेच नाहीत.

शेवटी कोपऱ्यावरच्या दुकानातून लेबलाची रंगीत लेझर प्रिंट काढून आणली. (इंकजेटवर काढू नका, फेव्हिकॉलच्या ओलीने रंग पसरतो.) मूळ लेबल प्लास्टिकच्या फोल्डरमध्ये परत ट्रंकेत गेलं. टॅग झाले एकूण साठ. भाचीने प्रत्येकाच्या मागे पेनाने लिहिलं, अण्णांचं पूर्ण नाव, आणि खाली 'फोल्डिंग खातं, परळ'.

पुढची बाजू चहाने जुनी केलेली. मागची मात्र खरीच जुनी.

असो. लग्नाला येणाऱ्या मंडळींनो, पिशवी उघडायच्या घाईत टॅग फाडून टाकू नका. आधी उलटून बघा.