विद्यार्थ्याचे बिऱ्हाड

पेशवाईत श्रावणमास लागला की काशी, कर्नाटक, तेलंगण अशा दूरदूरच्या प्रांतांतून शास्त्री, वैदिक आणि त्यांच्या मागोमाग चालणारे तरुण शिष्य पुण्याकडे लोटत. तळेगावच्या सेनापती दाभाड्यांच्या घराण्यात सुरू झालेली आणि त्या घराण्याचा उतरता काळ आल्यावर पेशव्यांनी आपल्या हाती घेतलेली दक्षिणेची वहिवाट हे या गर्दीचे कारण होते. पर्वतीच्या पायथ्याशी रमण्यात ही सारी मंडळी जमवून, विद्वत्तेची परीक्षा घेऊन वा न घेताही, एकेकाच्या पदरात रुपये घातले जात. भरभराटीच्या वर्षी ही रक्कम लक्षावधी रुपयांच्या घरात जाई. कोणी या दानास धर्मभोळेपणाची उधळपट्टी म्हटले, तर कोणी विद्येचा राजाश्रय म्हणून त्याचा गौरव केला. मला या दक्षिणेविषयी कुतूहल आहे ते निराळ्याच कारणासाठी. परगावच्या विद्यार्थ्याने विद्येकरिता पुण्यास यावे आणि त्याच्या पोटाची काळजी दुसऱ्या कोणी तरी वाहावी, ही कल्पना या शहराच्या अंगवळणी पडली ती या दक्षिणेमुळे, आणि राज्य बुडाले तरी कल्पना बुडाली नाही.

1818 मध्ये पेशवाई संपल्यावर माउंटस्टुअर्ट एल्फिन्स्टन या इंग्रज अधिकाऱ्याने दक्षिणा एकाएकी बंद करण्याचे धाडस केले नाही. तिला कात्री लावून, उरलेल्या रकमेतील एक हिस्सा त्याने 1821 मध्ये विश्रामबाग वाड्यात उघडलेल्या संस्कृत पाठशाळेकडे वळविला. याच पाठशाळेचे पुढे पूना कॉलेज आणि 1864 मध्ये डेक्कन कॉलेज झाले. 1849 मध्ये पुण्यातील काही सुधारक मंडळींनी दक्षिणेचा पैसा मराठी ग्रंथरचनेच्या उत्तेजनार्थ खर्च व्हावा असा अर्ज सरकारात गुदरला, तेव्हा सनातनी मंडळी इतकी खवळली की अर्जदारांच्या पाठीशी उभी राहण्यासाठी जोतीराव फुल्यांना आपली माणसे आणावी लागली, असे चरित्रकार सांगतात. अखेर त्या अर्जाचे फळ मिळाले आणि दक्षिणा प्राइझ कमिटीकडून मराठी ग्रंथांना पारितोषिके मिळू लागली. मुंबई विद्यापीठ 1857 मध्ये स्थापन झाल्यावर तर याच दक्षिणेतून महाविद्यालयांतील हुशार पदवीधरांना ‘दक्षिणा फेलो’ नेमण्याची पद्धत पडली. महादेव गोविंद रानडे कोल्हापूर सोडून मुंबईस एल्फिन्स्टनच्या विद्यालयात आले आणि 1862 साली विद्यापीठाच्या पहिल्या चार बी. ए. पदवीधरांत त्यांचे नाव झळकले. त्यांना कनिष्ठ फेलो म्हणून दरमहा 60 आणि ज्येष्ठ फेलो म्हणून दरमहा 120 रुपये तनखा मिळत असे. रमण्यातल्या दानाची परिणती उच्च शिक्षणाच्या वेतनात व्हावी, इतके सरळ आणि इतके शांत स्थित्यंतर आपल्या संस्थांच्या इतिहासात क्वचितच आढळेल. (मराठ्यांच्या राज्याशी तुलना करून इंग्रजी राज्यास कमी लेखणारा निबंध लिहिल्याबद्दल प्राचार्य ग्रँट यांनी रानड्यांची शिष्यवृत्ती सहा महिने रोखून धरली होती. दाता बदलला तरी दात्याची मर्जी सांभाळण्याचे कलम कायम होते!)

परंतु फेलोशिप ही वाटेच्या शेवटी. त्या शेवटापर्यंत पोहोचण्यासाठी मुलाला परक्या गावात आठ-दहा वर्षे दोन वेळा जेवावे लागे. विद्यापीठाची कवाडे उघडण्यास परीक्षा पुरेशी होती, मात्र शहरातील एखाद्या पंगतीत पाट मिळण्यास परीक्षेखेरीज पुष्कळ काही लागे. उच्च शिक्षणाचा आपला इतिहास प्राचार्य, पदव्या आणि इमारती यांच्या आधारे लिहिला जातो. तो स्वयंपाकघराच्या बाजूने लिहावयास घेतला, तर कोण शिकला आणि कोण शिकू शकला नाही याचा उलगडा अधिक लवकर होतो, असे माझे मत आहे.

‘वार लावून जेवणे’ ही चाल आता ऐकीव झाली आहे, म्हणून तिचे थोडे तपशिलाने वर्णन करतो. कोकणातून वा वाईकडून आलेला दहा-बारा वर्षांचा मुलगा कोणा मामाचे वा भटजींचे बोट धरून सदाशिव वा शनिवार पेठेतील वाड्याच्या ओसरीवर उभा राही. झोपाळ्यावर बसलेले यजमान त्याला गाव विचारीत, गोत्र विचारीत, मुंज झाली आहे ना, संध्या येते का, अशी चौकशी करीत आणि समाधान झाले म्हणजे आत वळून सांगत की, याला आपल्याकडे मंगळवार. मग बुधवारसाठी दुसरा वाडा, गुरुवारसाठी तिसरा. सातही वार भरले तो मुलगा भाग्यवान. ज्याचे पाचच भरले तो उरलेले दोन दिवस भाजलेल्या दाण्यांवर, चुरमुऱ्यांवर किंवा नळाच्या पाण्यावर काढी. जेवणाच्या मोबदल्यात हौदाचे पाणी भरणे, पूजेची फुले व दूर्वा आणणे, चंदन उगाळणे, घरातील लहान मुलांचा अभ्यास घेणे अशी कामे असत. ती कोणी नेमून दिलेली नसत, पण ती न केल्यास वाढणाऱ्या हातास ते बरोबर समजे. घरात सोयर-सुतक आले, यजमान सहकुटुंब यात्रेस गेले, तर वार बुडे. एकादशीस फराळावर भागवावे लागे. काही घरी तुपाची धार त्याच्या पानाशी येईपर्यंत बारीक होई, तर काही घरी यजमानीणबाई सणाचा लाडू आठवणीने झाकून ठेवीत. सात घरांच्या सात चवी, सात शिस्ती आणि सात स्वभाव ज्याने कोवळ्या वयात पचविले, त्याला पुढे कचेरीतील साहेबाची मर्जी राखणे जड गेले नसावे.

माधुकरीची रीत याहून निराळी. सोवळ्याचा पंचा नेसून, खांद्यास झोळी आणि हाती पितळी भांडे घेऊन दुपारच्या आत ठरलेली घरे घ्यावयाची, दाराशी ‘ॐ भवति भिक्षां देहि’ म्हणून उभे राहावयाचे, आणि भात, आमटी, भाजी, पोळीचा तुकडा असे जे पडेल ते एकत्र करून बिऱ्हाडी नैवेद्य दाखवून खावयाचे. शास्त्राने ब्रह्मचाऱ्यास भिक्षा विहित केली असल्यामुळे तिच्यात कमीपणा मानू नये, असे सांगितले जाई. सांगणाऱ्याला ते सोपे होते. पाच घरच्या पाच आमट्यांचे मिश्रण रोज गिळणाऱ्या मुलाच्या मनातील सल शास्त्रवचनाने निघत नाही. तरीही या झोळीनेच पुण्यात कित्येक वकील, शिक्षक, वैद्य आणि पंडित उभे केले आणि 1909 मध्ये स्थापन झालेल्या अनाथ विद्यार्थी गृहासारखी संस्था आरंभी माधुकरीवर जगली, हे नाकारता येत नाही.

येण्याजाण्याची यातायात आज कल्पनेत येणार नाही. बोरघाटातून आगगाडी 1863 पर्यंत धावत नव्हती. कोकणच्या मुलाला मुंबई गाठावयाची तर गलबत, आणि घाटावर जावयाचे तर पाय. धोंडो केशव कर्वे मुरुडचे. 1875 च्या सुमारास मराठी सहावीच्या परीक्षेस बसण्यासाठी ते सोबत्यांसह सह्याद्री चढून, शंभराहून अधिक मैल चालून साताऱ्यास पोहोचले. तेथील परीक्षक मंडळींनी त्यांच्या किरकोळ अंगकाठीकडे पाहून, हा सतरा वर्षांचा दिसत नाही, म्हणून त्यांना परीक्षेस बसू दिले नाही. एवढ्या पायपिटीवर एका नजरेने पाणी पडले. पुढे याच मुलाने मुंबईस राहून, शिकवण्या करून, 1884 मध्ये गणित घेऊन बी. ए. ची पदवी मिळविली.

मुंबईत वार लावण्याची सोय पुण्याइतकी नव्हती. तेथे गिरगाव-ठाकुरद्वारच्या चाळींतील एका खोलीत पाच-सहा जणांनी बिऱ्हाड करावे, वळकट्या दिवसा कोपऱ्यात रचाव्या, आणि महिन्याचे पैसे आगाऊ भरून खानावळीत जेवावे, ही रीत. खानावळीत पैसा घेतला जाई, उपकार केला जात नसे, म्हणून मला तरी ती वारापेक्षा सभ्य वाटते. मात्र तिच्या दारावरही जातीची अदृश्य पाटी लटकत असेच.

डेक्कन कॉलेजची येरवड्याच्या बाजूची इमारत 1868 मध्ये उघडली. सर जमशेटजी जिजीभाई यांच्या एक लाख रुपयांच्या देणगीचा तिला आधार होता. शहरापासून दूर, नदीपलीकडे असल्यामुळे विद्यार्थ्यांस तेथेच खोल्या देणे भाग पडले आणि आपल्याकडील कॉलेजच्या निवासी जीवनास खऱ्या अर्थाने तेथे आरंभ झाला. टिळक आणि आगरकर 1879 च्या सुमारास, एक कायद्याचा व दुसरा एम. ए. चा अभ्यास करीत असताना, याच परिसरात तासन् तास वाद घालीत बसत. कऱ्हाडजवळच्या टेंभूचे आगरकर कऱ्हाड, रत्नागिरी, अकोला अशी गावे पालथी घालीत पुण्यास आले होते. अंगातील एकुलता सदरा रात्री धुऊन सकाळी तोच घालावयाचा, ही त्यांची कथा शाळकरी मुलांनाही ठाऊक आहे. मला तिच्याहून त्यांनी आईस लिहिलेले पत्र अधिक महत्त्वाचे वाटते. मुलगा मोठ्या परीक्षा देतो आहे, आता तो मोठ्या पगाराची नोकरी करील, असे मनोरथ तू रचू नकोस, पोटापुरत्या मिळकतीवर संतोष मानून मी सारा वेळ लोकहितास देणार आहे, अशा आशयाचे ते पत्र होते. गावाकडे वाट पाहणाऱ्या घराने मुलाच्या शिक्षणावर केवढा बोजा टाकलेला असतो, ते या पत्राच्या उलट बाजूने वाचले म्हणजे कळते.

आतापर्यंत ज्यांची नावे आली त्यांना निदान पंगतीच्या शेवटी तरी पाट होता. ज्या मुलाला गोत्र विचारावे अशी वेळच येत नसे, कारण तो ओसरीवर चढूच शकत नसे, त्याला पुण्याची वाराची परंपरा काय कामाची? शाहू छत्रपतींनी 1896 मध्ये कोल्हापुरास सर्व जातींच्या विद्यार्थ्यांसाठी म्हणून एक वसतिगृह उघडून पाहिले. थोड्याच काळात त्यात ब्राह्मण विद्यार्थीच काय ते उरले. तेव्हा त्यांनी दुसरी तजवीज केली. 18 एप्रिल 1901 रोजी व्हिक्टोरिया मराठा बोर्डिंग, त्याच वर्षी जैनांचे, पुढे मुसलमानांचे, लिंगायतांचे, आणि 1908 मध्ये अस्पृश्य मुलांसाठी मिस क्लार्क बोर्डिंग, अशी जातवार वसतिगृहांची रांगच त्यांनी उभी केली. जमिनी, इमारती व वार्षिक नेमणुका दरबारातून मंजूर झाल्या. जातवार वसतिगृहांनी जातीचा अभिमान वाढविला असा आक्षेप पुष्कळांनी घेतला आहे आणि त्यात तथ्यही आहे. परंतु एकत्र चूल पेटत नाही असे अनुभवास आल्यावर, प्रत्येकाची चूल तरी पेटावी, हा महाराजांचा हिशेब मला व्यवहारी वाटतो. या जातवार चुलींचा जाच काय असतो ते भाऊराव पाटलांनी अंगावर झेलले. जैन बोर्डिंगात राहत असताना मिस क्लार्क बोर्डिंगच्या समारंभास ते गेले, म्हणून त्यांना तेथून बाहेर पडावे लागले. 1924 मध्ये याच भाऊरावांनी साताऱ्यास सर्व जातींच्या मुलांना एकत्र जेवू घालणारे वसतिगृह चालू केले. पैसा संपला तेव्हा त्यांच्या पत्नी लक्ष्मीबाईंनी मंगळसूत्र विकून मुलांच्या भाकरीची सोय केली.

भीमराव आंबेडकर एल्फिन्स्टन कॉलेजातून 1912 साली बी. ए. झाले तेही बडोद्याच्या सयाजीराव गायकवाडांच्या दरमहा 25 रुपयांच्या विद्यावेतनावर. पुढील वर्षी बडोदे दरबाराने त्यांना न्यूयॉर्कच्या कोलंबिया विद्यापीठात उच्च शिक्षणासाठी पाठविण्याचे ठरविले. दरमहा साडेअकरा पौंड, मुदत तीन वर्षांची, आणि परत आल्यावर दहा वर्षे संस्थानची चाकरी, असा करारनामा 4 जून 1913 रोजी झाला. जुलैत ते न्यूयॉर्कला उतरले. विद्यापीठाच्या हार्टली हॉल या वसतिगृहात त्यांना खोली मिळाली. तेथील जेवण मानवले नाही म्हणून त्यांनी बिऱ्हाड बदलले, पुढे लिव्हिंगस्टन हॉलमध्ये नवल भथेना या पारशी विद्यार्थ्याशी त्यांची आयुष्यभराची मैत्री जडली. खोली सोडण्याचे कारण जेवणाची नावड एवढेच असू शकते, हा अनुभव त्यांना तोवर या देशात आलेला नव्हता. 1917 मध्ये करारानुसार ते बडोद्यास हजर झाले. त्या शहरात, ज्याच्या दरबाराने त्यांना जगाच्या दुसऱ्या टोकास शिकावयास धाडले, त्याच शहरात त्यांना राहावयास जागा मिळेना. अखेर दिवसाला दीड रुपया देऊन, पारशी नाव धारण करून, एका पारशी विश्रामगृहाच्या माडीवर त्यांनी मुक्काम केला. दहा-अकरा दिवसांनी लाठ्या घेतलेले पारशी दारात येऊन उभे राहिले. एका हिंदू व एका ख्रिस्ती स्नेह्याकडे त्यांनी आसरा मागितला, दोघांनीही सबबी सांगितल्या. मुंबईची गाडी सुटेपर्यंतचे तास त्यांनी कामाठी बागेत बसून काढले. बडोदे दरबारच्या दप्तरात करारनामा होता, तनख्याचे हुकूम होते, पण निवासाचा बंदोबस्त कोणत्याही कलमात नव्हता.

यानंतरची हकीकत थोडक्यात सांगता येण्यासारखी आहे. डेक्कन कॉलेज सरकारने 1934 मध्ये बंद केले. माजी विद्यार्थी न्यायालयात गेले, आणि 1939 मध्ये ते केवळ पदव्युत्तर अध्ययन व संशोधनाची संस्था म्हणून पुन्हा उघडले. इरावती कर्वे आणि हसमुख सांकळिया यांच्यासारखी माणसे तेथे शिकवू लागली. 1949 मध्ये गणेशखिंडीत पुणे विद्यापीठ उभे राहिले आणि एम. ए., एम. एस्सी. साठी खेड्यापाड्यांतून येणाऱ्यांची संख्या वाढतच गेली. 1955 मध्ये अच्युतराव आपटे यांनी विद्यार्थी सहाय्यक समितीची स्थापना केली. खेड्यातून आलेल्या मुलास निवास व भोजन अल्प खर्चात, जात न विचारता मिळावे, हा तिचा हेतू. वाराची आणि माधुकरीची चाल याच सुमारास मावळत गेली. तिच्याविषयी हळहळ वाटण्याचे कारण मला दिसत नाही.

हळहळ वाटते ती निराळ्या गोष्टीची. विद्यापीठांचे अहवाल, पदवीधरांच्या याद्या, प्राचार्यांच्या तसबिरी हे सर्व जतन झाले आहे. खानावळींच्या जमाखर्चाच्या वह्या, वसतिगृहांच्या हजेरीपुस्तिका, आणि ‘या मुलास एक वार द्यावा’ अशा मजकुराच्या शिफारशीच्या चिठ्ठ्या मात्र वाडे पडताना रद्दीत जात आहेत. ज्यांच्या माळ्यावर वा फडताळात असे काही कागद असतील, त्यांनी ते फेकू नयेत. पुण्यास भारत इतिहास संशोधक मंडळ आहे, गावोगावी वस्तुसंग्रहालये आहेत, निदान जवळच्या महाविद्यालयाचे ग्रंथालय आहे, तेथे नेऊन द्यावेत.