गावठाण-विस्तार व ग्रामरूप : बीड जिल्हा

वाढत्या लोकवस्तीसाठी गावालगत घरांची नवी आखणी करताना गावाची मूळ घडण, शेतीशी असलेला तिचा संबंध आणि कामाच्या व सामाईक जागा कितपत राखाव्यात, हा ग्रामनियोजनातील एक जुना प्रश्न आहे. मराठवाड्यातील बीड जिल्ह्यात (क्षेत्रफळ सु. १०,६९३ चौ. किमी.) त्यास विशेष महत्त्व आहे, कारण २०११ च्या जनगणनेनुसार येथील सु. चार-पंचमांश लोकसंख्या ग्रामीण होती.

या भागातील ग्रामरचनेचा पाया ‘काळी’ आणि ‘पांढरी’ या भेदात सापडतो. काळी म्हणजे पिकाची जमीन, पांढरी म्हणजे वस्तीची. पांढरी या शब्दाने वस्तीची जागा व तेथे नांदणारा समाज असे दोन्ही अर्थ व्यक्त होत. मातीच्या भिंती पडत, त्यांवर नवी घरे उठत आणि पिढ्यानपिढ्या गावाची जागा उंचावत जाई. पडक्या गढ्यांची पांढरी माती शेतकरी खत म्हणून शेतात नेत. गावकूस, वेस, वेशीजवळचा मारुती, चावडी, पार व पाणवठा यांच्या भोवती घरे दाटीने बांधली जात. दाटीचे एक कारण संरक्षण हे होते. काळी जमीन घरांखाली वाया जाऊ नये, हे दुसरे. गावाबाहेर लगेच खळवाडी व गावंदरीची शेते, त्यापलीकडे शेते व गायरान असा क्रम असे. बालाघाटाच्या पठारावरील आष्टी, पाटोदा या भागांत जमीन हलकी, तर गोदावरीकाठच्या गेवराई, माजलगाव तालुक्यांत ती भारी. त्यामुळे घरासाठी घेतलेल्या गुंठ्याची खरी किंमत सर्वत्र सारखी नाही.

परंपरागत घर माळवदाचे. दगडमातीच्या जाड भिंती, लाकडी खांब व तुळया आणि वर मातीचा थर, अशी त्याची बांधणी. त्यात माणसांइतकीच जागा बैलांना, कडब्याला, धान्याला व अवजारांना लागे. अंगण ही मोकळी सोडलेली जागा नसून ती कामाची जागा होती, ही गोष्ट पुढील काळातील आखणीकारांच्या ध्यानी क्वचितच आली.

तथापि जुने ग्रामरूप सर्वांशी रक्षणीय मानता येत नाही. गावकुसाच्या आत कोण व बाहेर कोण, हे जातीने ठरत असे. महारवाडा व मांगवाडा बहुधा कुसाबाहेर असत आणि पाणवठेही वेगळे असत. राज्य शासनाने डिसेंबर २०२० मध्ये वस्त्यांची जातिवाचक नावे बदलण्याचा निर्णय घेतला. नावे बदलली तरी अनेक गावांच्या नकाशावर ती जुनी विभागणी आजही ओळखता येते. गावाचे ‘स्वरूप’ राखण्याची भाषा करताना नेमके काय राखावयाचे, हे म्हणूनच आधी ठरवावे लागते.

बीड जिल्हा १९४८ पर्यंत निजामी अंमलाखाली, १ नोव्हेंबर १९५६ पर्यंत हैदराबाद राज्यात व त्यानंतर मुंबई राज्यात होता. १९६० मध्ये तो महाराष्ट्रात आला. महाराष्ट्र जमीन महसूल संहिता, १९६६ अन्वये गावठाणाच्या सीमा ठरविण्याचा अधिकार जिल्हाधिकाऱ्यास मिळाला. १९७५ च्या वीस कलमी कार्यक्रमात भूमिहीनांना घरासाठी जागा देण्याचा समावेश झाला. गावठाणाबाहेर रांगेने आखलेले भूखंड हे या काळापासून गावाचे परिचित अंग बनले. ज्यांना कुसाच्या आत कधी जागा नव्हती, त्यांना या भूखंडांनी हक्काची जमीन दिली, हे त्यांचे श्रेय मान्य करावयास हवे.

सबंध गाव नव्याने वसविण्याचे प्रसंग धरणांमुळे आले. सिंदफणा नदीवरील माजलगाव धरणाच्या पाण्याखाली अनेक गावांची जमीन व घरे गेली. परंतु पुनर्वसनाचा सर्वांत मोठा प्रयोग शेजारील लातूर व तत्कालीन उस्मानाबाद (धाराशिव) जिल्ह्यांत, ३० सप्टेंबर १९९३ च्या किल्लारी भूकंपानंतर झाला. माळवदाचे जड छप्पर व सांधा न जुळलेल्या दगडी भिंती यांमुळेच मृत्यूंची संख्या इतकी वाढली. जुने घर जसेच्या तसे परत बांधणे हे त्यामुळे प्राणघातक ठरले असते. पूर्णतः उद्ध्वस्त झालेली ५२ गावे नव्या जागी हलविण्यात आली. जमीनधारणेनुसार २५०, ४०० व ७५० चौ. फुटांची घरे देण्यात आली. रस्ते रुंद व सरळ, भूखंड सुटे आणि गावाचा विस्तार पूर्वीपेक्षा कितीतरी मोठा. अनेक ठिकाणी शेत दूर गेले, भाऊबंद विखुरले आणि गुरांना व कडब्याला जागा राहिली नाही. लोकांनी पुढे स्वतःच भिंती घालून अंगणे बंदिस्त केली, पडव्या जोडल्या. याउलट ज्या गावांत मूळ जागीच, घरमालकांच्या हातून व तांत्रिक मार्गदर्शनाखाली दुरुस्ती व मजबुतीकरण झाले, तेथे गावाची वीण फारशी उसवली नाही. बीडसारख्या शेजारच्या जिल्ह्यास यातून घेण्यासारखे पुष्कळ आहे.

घरकुल योजनांचा भर मात्र घराच्या मापावर राहिला. इंदिरा आवास योजनेत (१९८५) किमान २० चौ. मी., तर २०१६ पासूनच्या प्रधानमंत्री आवास योजनेत स्वयंपाकाच्या जागेसह किमान २५ चौ. मी. क्षेत्र धरले गेले. बीड हा ऊसतोड मजुरांचा जिल्हा आहे. हंगामात जोडपे, म्हणजे मुकादमाच्या हिशेबातील एक ‘कोयता’, बैलगाडीसह पाच-सहा महिने परगावी फडावर जाते व कोपीत राहते. मागे वृद्ध व मुले उरतात. अशा कुटुंबास बैल व गाडी यांसाठी आडोसा आणि म्हाताऱ्यांना हाकेच्या अंतरावर शेजार, या दोन गोष्टी खोलीच्या मापाइतक्याच निकडीच्या असतात. एकाकी भूखंडावरील घरकुलात त्या मिळत नाहीत.

अलीकडील दाब निराळा आहे. सोलापूर–धुळे महामार्गासारख्या रस्त्यांवरील फाट्यांपाशी दुकाने व घरे रांगेने वाढली असून मूळ गाव मागे पडते. जमीन महसूल संहितेत नंतर घातलेल्या ४२-ड कलमानुसार गावठाणाच्या सीमेपासून २०० मी. च्या आतील जमीन, ठरलेली रक्कम भरल्यावर व विकास नियमांच्या अधीन राहून, निवासी वापरासाठी अकृषिक झाल्याचे मानण्यात येते. घर बांधणाऱ्यांची हेलपाट्यांतून सुटका करणारी ही तरतूद आहे. पण हा पट्टा म्हणजेच पूर्वीची खळवाडी व गावंदरी. चहूबाजूंनी सारखेच मोजलेले अंतर भारी जमीन व माळरान यांत भेद करीत नाही. तो भेद ग्रामपंचायतीने व नगररचना विभागाने स्थानिक आराखड्यात करावयाचा आहे.

त्यासाठी लागणारे एक साधन उपलब्ध झाले आहे. पुणे जिल्ह्यातील सोनोरी (ता. पुरंदर) येथे प्रयोग झाल्यानंतर गावठाणांचे ड्रोनद्वारे मोजमाप हाती घेण्यात आले आणि २०२० पासून केंद्राच्या स्वामित्व योजनेतून ते अनेक राज्यांत सुरू झाले. त्यात घरमालकास मालमत्ता पत्रक मिळते आणि रस्ते व ग्रामपंचायतीच्या मोकळ्या जागाही नकाशावर येतात. पार व चावडीपुढील पटांगण यांची अशी नोंद झाली, की त्यांवरील अतिक्रमणास आव्हान देण्यास गावाच्या हाती कागद राहतो.