यंत्र निकामी केव्हा होते?

आपल्याकडे जुन्या वाड्यांच्या माळ्यावरून मोडी कागदांची बाडे निघतात. कागद शाबूत असतो, शाईही टिकून असते. पण लिपी जाणणारा मिळत नाही, म्हणून घरची माणसे ती रद्दी समजतात. शिराळ्याच्या श्रोत्यांपुढे संगणकाच्या इतिहासाचे एक प्रकरण मांडताना हे उदाहरण मी मुद्दाम घेत आहे. कारण यंत्रांच्या बाबतीतही नेमके हेच घडते.

माणूस आणि संगणक यांच्यामध्ये एक दुभाष्या असतो. त्यास ऑपरेटिंग सिस्टिम म्हणतात. यंत्र धडधाकट असले, तरी दुभाष्या गेला की ते मुके होते. अभियंत्याच्या मेजावर मावणारी, पण घरगुती संगणकाहून बलवान अशी वर्कस्टेशन नावाची यंत्रे १९८० नंतर प्रचारात आली. १९८२ साली स्थापन झालेली सन मायक्रोसिस्टिम्स ही अमेरिकन कंपनी त्यांत अग्रेसर होती. तिच्या स्पार्क घराण्यातील चिपांचा आपल्या महाराष्ट्राशीही संबंध आला. पुण्याच्या सी-डॅक संस्थेने १९९१ साली ‘परम ८०००’ हा महासंगणक सिद्ध केला. त्याच मालिकेतील १९९८ चा ‘परम १०,०००’ अल्ट्रास्पार्क चिपांवर उभा होता.

पुढे काय झाले? २०१० साली ओरॅकलने सन कंपनी विकत घेतली. २०११ च्या नोव्हेंबरात ‘सोलारिस ११’ ही ऑपरेटिंग सिस्टिम निघाली, आणि तिने अल्ट्रास्पार्कच्या जुन्या पिढ्यांची साथ सोडली. म्हणजे ज्या घराण्यात यंत्र जन्मले, त्याच घराण्याच्या नव्या दुभाष्याने त्याच्याशी बोलणे बंद केले!

तरीही ही यंत्रे मुकी झाली नाहीत. १९९३ साली सुरू झालेली नेटबीएसडी आणि तीतूनच १९९५ साली वेगळी झालेली ओपनबीएसडी, या दोन्ही ऑपरेटिंग सिस्टिम अल्ट्रास्पार्कवर आजही चालतात. यांचा सोर्स कोड, म्हणजे मूळ लिखाण, सर्वांस खुला असतो. कोणीही तो वाचावा, सुधारावा, वाटावा. त्याची रचनाही शहाणपणाची आहे. बहुतेक भाग सर्व यंत्रांस समान. प्रत्येक जातीच्या यंत्रापुरता एक पातळ थर तेवढा निराळा. म्हणूनच २०२४ साली निघालेली नेटबीएसडीची दहावी आवृत्ती १९७७ साली अवतरलेल्या व्हॅक्स घराण्यालाही सांभाळते.

हा केवळ जुन्याचा हव्यास नव्हे. आजचे सामान्य संगणक सोर्स कोडातील काही चुका मुकाट्याने पोटात घालतात. स्पार्क मात्र तेथे अडून बसते. जुन्या यंत्रावर चालवून पाहिल्याने नव्या यंत्रांच्या आज्ञावलीतील दडलेले दोष उघडे पडतात. कडक परीक्षकाचा हा उपयोग होय.

परंतु खुलेपणा म्हणजे अमरपट्टा नव्हे. लिनक्सचा जन्म १९९१ साली इंटेलच्या ३८६ चिपेवर झाला. २०१२ च्या अखेरीस लिनक्सनेच त्या चिपेचा आधार काढून टाकला. ओपनबीएसडीने २०१६ साली व्हॅक्सचा निरोप घेतला. यंत्र जवळ बाळगणारा, ते चालवून पाहणारा आणि वेळ देणारा माणूस नसेल, तर सोर्स कोड असून नसल्यासारखाच. मात्र फरक मोठा आहे. बंद आज्ञावलीत कंपनीने ‘पुरे’ म्हटले की विषय संपतो. खुल्या आज्ञावलीत पुढे न्यायचे की नाही, हा निर्णय वापरणाऱ्यांच्या हाती राहतो.

आपल्या गावच्या शाळा, पतपेढ्या, दवाखाने यांचे हिशेब आणि नोंदी आज संगणकातच आहेत. सरकारी कामात खुल्या आज्ञावलींना प्राधान्य द्यावे, असे धोरण भारत सरकारने २०१५ साली जाहीर केले. त्याचे मर्म येथेच आहे. यंत्र विकत घेताना किंमत आणि वेग आपण विचारतोच. कंपनी उद्या नाहीशी झाली तर या नोंदी वाचील कोण, हा तिसरा प्रश्नही नागरिकांनी विचारला पाहिजे.