व्हिएन्नाची खुर्ची, इराण्याचा चहा

मुंबईला कामानिमित्त जाऊन आलेल्या माणसाला इराण्याचे हॉटेल सांगावे लागत नाही. संगमरवरी टेबल, भिंतीवर आरसे, बरणीत बिस्किटे, समोर चहा आणि ब्रून मस्का. धोबीतलावचे कयानी (स्थापना १९०४) किंवा बॅलार्ड इस्टेटमधील ब्रिटानिया (१९२३) ही त्यांतली प्रसिद्ध नावे. या हॉटेलांत आपण ज्या काळपट, हलक्या, गोल बैठकीच्या लाकडी खुर्चीवर बसतो तिच्याकडे मात्र आपले लक्ष जात नाही. तिचे मागचे दोन पाय आणि पाठीची कमान मिळून एकच सलग लाकूड असते. त्यात कोठेही सांधा नसतो. सरळ झाडाचे लाकूड असे कसे वळले? या प्रश्नाचे उत्तर शोधत गेलो तर आपण ऑस्ट्रियाची राजधानी व्हिएन्ना येथील कॉफीगृहांत पोचतो.

कापणे आणि वाकवणे

आधी नरडाण्यासारख्या खानदेशी गावातील एक ओळखीची वस्तू घेऊ : बैलगाडीचे चाक. चाकाचा परीघ अनेक वक्र तुकड्यांचा, म्हणजे पुठ्ठ्यांचा, बनलेला असतो. सुतार बाभळीच्या जाड लाकडातून हे तुकडे कापून काढतो. लाकडातील तंतू सरळ आणि कापलेला आकार वाकडा, त्यामुळे कडेला तंतू तुटतात आणि तेथे लाकूड दुबळे होते. म्हणून पुठ्ठे जाड ठेवावे लागतात आणि वरून लोखंडी धाव चढवावी लागते. गाडीला हे चालते. पण खुर्ची अशी केली तर ती उचलायला दोन माणसे लागतील. लाकूड न कापता वाकवले, तर तंतू वळणाबरोबर अखंड जातात आणि बारीक लाकूडही बळकट राहते.

मिखाएल टोनेट (१७९६-१८७१) हा ऱ्हाइन नदीकाठच्या बोप्पार्ड गावचा सुतार. लाकडाच्या पातळ पट्ट्या सरसात उकळून, एकमेकींना चिकटवून, साच्यात वाकवण्याचे प्रयोग त्याने १८३०च्या दशकात केले. १८४२मध्ये तो व्हिएन्नाला आला. थोड्याच वर्षांत तेथील दाउम नावाच्या कॉफीगृहाला त्याने खुर्च्या पुरवल्या. परंतु समुद्रापलीकडच्या उष्ण, दमट हवेत सरस सुटे आणि पट्ट्या उकलत. मुंबईच्या पावसाळ्यातही त्यांचे तेच झाले असते. सरस नको असेल तर अखंड लाकूडच वाकवायला हवे होते. त्याची रीत टोनेटला सापडली आणि १८५६मध्ये त्याचे पेटंट मिळाले.

वाफ आणि लोखंडी पट्टी

वर्गात करून पाहण्याजोगा एक प्रयोग येथे सुचवतो. स्पंजच्या लांबट तुकड्याच्या बाजूवर पेनाने समान अंतरावर उभ्या रेघा ओढा आणि तुकडा कमानीसारखा वाकवा. बाहेरच्या अंगाला रेघा लांब जातात, आतल्या अंगाला जवळ येतात. म्हणजे वाकवताना बाहेरची बाजू ताणली जाते व आतली दाबली जाते.

लाकडात सेल्युलोजचे तंतू लिग्निन नावाच्या द्रव्याने एकत्र बांधलेले असतात. ओल आणि उष्णता मिळाली की लिग्निन मऊ पडते. बीच या युरोपीय झाडाचे लाकूड वाफवले तर ते पुष्कळ दाबता येते, लांबीच्या जवळजवळ पाव हिश्शापर्यंत. पण ताण मात्र ते फार तर एक-दोन टक्केच सोसते. म्हणून वाकवताना ते नेहमी बाहेरून फाटते. टोनेटने बाहेरच्या अंगाला लोखंडी पट्टी लावून ती दोन्ही टोकांना घट्ट आवळली. आता बाहेरची बाजू लांबूच शकत नाही. सगळा बदल दाबाने, आतल्या अंगाला होतो. मग ते लाकूड लोखंडी साच्यात अडकवून वाळवले की लिग्निन पुन्हा कडक होते आणि वळण कायम राहते. आपल्या स्पंजच्या बाहेरच्या अंगाला कापडी चिकटपट्टी लावून पुन्हा वाकवा. या वेळी सुरकुत्या फक्त आत पडतील.

१८५९मध्ये टोनेटची ‘क्रमांक १४’ची खुर्ची आली : लाकडाचे सहा तुकडे, दहा स्क्रू, दोन नट आणि वेताची विणलेली बैठक. सुटे भाग रचले तर एक घनमीटरच्या खोक्यात छत्तीस खुर्च्या मावत. जहाजाचे भाडे जागेवर ठरते, म्हणून खुर्ची जगभर स्वस्तात पोचली. १९३०पर्यंत अशा सुमारे पाच कोटी खुर्च्या खपल्या होत्या. कारखाने निघाले ते मोराव्हियाच्या बीच जंगलांलगत, जेथे लाकूड जवळ आणि मजुरी कमी होती. सुताराच्या हातातील कौशल्य साच्यात गेले; घासणे, विणणे, बांधणे ही कामे गावच्या बायका करू लागल्या. औद्योगिक क्रांती शिकवताना आपण वाफेच्या एंजिनाशी थांबतो. वाफेने सुताराचा धंदाही असा बदलला.

पंगत आणि खुर्ची

व्हिएन्नाच्या कॉफीगृहात एका पेल्याच्या किमतीत वर्तमानपत्रे वाचत तासन्‌तास बसता येई. मुंबईत इराणी हॉटेलांनी तीच सोय केली. इराणातून आलेल्या झरथुष्ट्री मंडळींनी ही हॉटेले एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीपासून काढली. त्या काळी पुष्कळ खाणावळी जातीजातींच्या होत्या; दलितांना कित्येक ठिकाणी प्रवेश नसे किंवा त्यांचा कप वेगळा ठेवलेला असे. इराण्याकडे साधारणपणे पैसे देईल तो गिऱ्हाईक. गिरणी कामगार, कारकून, विद्यार्थी, हिंदू, मुसलमान असे सगळे तेथे बसत. खुर्चीने जात मोडली असे म्हणणे भाबडेपणाचे होईल. पण पंगतीत आपली जागा दुसरे ठरवतात, आणि रिकामी खुर्ची दिसली की कोणीही ओढून बसू शकतो, हा फरक लहान नाही.

या खुर्च्या कोणी पोलंडच्या सांगतो, कोणी चेकोस्लोव्हाकियाच्या, तर कोणी व्हिएन्नाच्या. तिघेही बरोबर असू शकतात. टोनेटचे पेटंट १८६९मध्ये संपले आणि इतरांनीही तशाच खुर्च्या काढल्या. पुढे १९१८मध्ये ऑस्ट्रियाचे साम्राज्य मोडले आणि मोराव्हियातील कारखाने जागचे न हलता चेकोस्लोव्हाकियात गेले. म्हणून मुंबईला गेलात, किंवा गावातल्या एखाद्या जुन्या वाड्यात अशी खुर्ची दिसली, तर मालकाला विचारून ती उलटी करा. बैठकीच्या कडीच्या आत पुष्कळदा कारखान्याचा शिक्का किंवा कागदी चिठ्ठी असते. तिथे कोणत्या देशाचे नाव आहे ते मुलांना वाचू द्या, आणि त्यावरून खुर्ची १९१८च्या आधीची की नंतरची, हे त्यांचे त्यांनाच ठरवू द्या.