संतांच्या वाणीतील लहान शब्द

ग्रंथातील मोठ्या शब्दांवर आपल्याकडे पुष्कळ निरूपण झाले आहे. ब्रह्म, माया, प्रकृती, पुरुष, अद्वैत या शब्दांसाठी कीर्तनकार रात्री जागवतो, श्रोतेही मान डोलावतात. पण ज्ञानेश्वरीत आणि अभंगांत पुन्हा पुन्हा येणारे काही लहान शब्द आहेत. ते घरात, शेतात, बाजारात रोजच्या बोलण्यातले. मग, आतां, म्हणौनि, हें असो, किंबहुना, जैसें-तैसें आणि म्हणे. पारायणात हे शब्द जिभेवरून निसटून जातात. अर्थ सांगताना आपण ते गाळतो. आज त्यांचाच थोडा विचार करू.

ज्ञानेश्वरीच्या अध्यायांची सुरुवात कशी होते ते पाहा. दुसरा, तिसरा, पाचवा, सहावा आणि आठवा हे पाच अध्याय ‘मग’ या शब्दाने सुरू होतात. सातवा ‘आइका’ म्हणून सुरू होतो आणि लगेच ‘मग’ येतो. चौथ्याचा पहिला शब्द ‘आजि’, नवव्याचा ‘तरि’, अकराव्याचा आणि पंधराव्याचा ‘आतां’. आजी नातवंडांना गोष्ट सांगते तेव्हा तिच्या तोंडी हेच शब्द असतात. नातू विचारतो, मग काय झालं? आजी म्हणते, मग काय, ऐक. गीतेच्या सातशे श्लोकांवर सुमारे नऊ हजार ओव्यांचे निरूपण करणारे महाराज अध्यायाचे दार उघडतात ते या शब्दाने. पाचव्या आणि आठव्या अध्यायाच्या पहिल्याच ओवीत अर्जुन देवाला ‘हां हो’ अशी साद घालतो. बांधावर दोन शेतकरी बोलावेत तशी ती साद आहे.

हे असे का, याचे उत्तर इतिहासात आहे. शके 1212 मध्ये, म्हणजे इसवी सन 1290 मध्ये, रामदेवराव यादवाच्या काळी नेवाशाला हा ग्रंथ झाला. निवृत्तिनाथ समोर होते, संतसज्जनांची सभा होती, आणि सच्चिदानंदबाबा आदराने लेखक झाले. म्हणजे ज्ञानेश्वरी आधी बोलली गेली आणि बोलता बोलता लिहिली गेली. ‘अवधारिजो’, ‘आइका’, ‘जी’, ‘पाहें पां’ हे शब्द त्या सभेच्या खुणा आहेत. कोणी पुढे सरकून बसले असेल, कोणाची शंका चेहऱ्यावर उमटली असेल. वक्ता तिकडे पाहून बोलतो आहे. सुलभ अर्थ लिहिताना हे शब्द काढून टाकले की सिद्धांत जसाच्या तसा राहतो, सभा मात्र उठून जाते.

‘जैसें’ आणि ‘तैसें’ ही तर माउलींची चालण्याची रीतच आहे. ‘जैसें’ म्हटले की श्रोत्याच्या ओळखीची वस्तू समोर येते आणि ‘तैसें’ म्हटले की तोच श्रोता गीतेच्या उंबरठ्यावर उभा असतो. सहाव्या अध्यायात माणूस स्वतःच स्वतःला कसा बांधून घेतो हे सांगायचे आहे. तिथे कोशातला किडा येतो, नळीवर बसलेला पोपट येतो. पोपटाला कोणी धरलेले नसते. नळी फिरते, तो घाबरतो आणि पाय अधिकच घट्ट आवळतो. ज्याला शास्त्राचे अक्षर येत नाही त्यालाही हे कळते.

असे दोन-तीन दृष्टांत एकामागून एक येतात तेव्हा मधे बहुधा ‘कां’ असतो. आजचा वाचक इथे हमखास थांबतो. त्याला वाटते, महाराज प्रश्न विचारतात. पण हा ‘कां’ म्हणजे ‘किंवा’. ‘असे, किंवा असे पाहा’ असे म्हणत वक्ता दुसरा दृष्टांत पुढे करतो. पहिला ज्याला पोचला नाही त्याच्यासाठी दुसरा. कोणी मागे राहू नये म्हणून वापरलेला हा शब्द आहे.

‘हें असो’ याचे मोलही असेच. दृष्टांत रंगात आलेला असतो, वक्त्याची प्रतिभा धावत असते, आणि महाराज म्हणतात, हे राहू द्या. विषय मोठा, आपली वाणी नव्हे, हे त्या दोन शब्दांत आहे. आम्हा कीर्तनकारांनी हे दोन शब्द रोज सकाळी जपावेत असे आहेत. चाल रंगली, टाळकरी डोलू लागले की ‘हें असो’ म्हणणे फार अवघड जाते.

‘किंबहुना’चा अर्थ काळाच्या ओघात थोडा सरकला. आज आपण तो ‘इतकेच नव्हे तर’ अशा भावाने वापरतो. मुळात तो संस्कृत ‘किं बहुना’, म्हणजे जास्त काय सांगावे. ज्ञानेश्वरीत तो पसरलेले बोलणे एका मुठीत घेतो. पसायदानात हाच शब्द आहे. दुष्टांचे वाकडेपण जावे, भूतांचे मैत्र जडावे, सज्जनांची भेट घडावी, असे एकेक मागून झाल्यावर तो येतो, आणि मग सगळ्यांच्या सुखाचे एकच मागणे उरते. हा अर्थ ध्यानात ठेवून पसायदान म्हणून पाहा. त्या ठिकाणी आवाज आपोआप सावकाश होतो.

आता ‘म्हणे’. नामदेवरायांपासून तुकोबांपर्यंत अभंगाच्या शेवटी संताचे नाव येते आणि बहुतेक वेळा त्याला ‘म्हणे’ जोडलेले असते. आजच्या बोलण्यात ‘म्हणे’ ऐकीव गोष्टीला लागतो. ‘पाऊस झाला म्हणे’ याचा अर्थ, मी पाहिला नाही, लोक सांगतात. अभंगातला ‘म्हणे’ याच्या अगदी उलट. मी सांगतो, माझ्या नावावर सांगतो, अशी ती साक्ष आहे.

आणि ही साक्ष कोणी दिली ते पाहा. बोलण्याचा अधिकार तेव्हा सर्वांना नव्हता. चोखोबांना देवळाच्या आत जाता येत नव्हते. तरी ‘चोखा म्हणे’ असे त्यांनी उभे राहून सांगितले. सोयराबाईंनी आपली ओळख जातीसकट चोखोबांच्या नावाने दिली आणि तिच्याजवळ ‘म्हणे’ ठेवला. नामदेवांच्या घरी राबणाऱ्या जनाबाई ‘जनी म्हणे’ म्हणाल्या, अरणचे सावतोबा मळ्यातून ‘सावता म्हणे’ म्हणाले. परंपरा सांगते की चोखोबांचे अभंग अनंतभट्टांनी लिहून घेतले आणि सावतोबांचे काशीबा गुरवांनी. लेखणी दुसऱ्याच्या हाती होती, पण बोल ज्याचा त्याचाच राहिला. तो राखला ‘म्हणे’ या दोन अक्षरांनी.

आपल्या कीर्तनात मात्र शेवटच्या चरणाला वेळ उरत नाही. पहिल्या चरणावर तासभर जातो आणि ‘म्हणे’पाशी आलो की गजराची घाई होते. ज्या शब्दासाठी त्या माणसांनी एवढे सोसले, तो आपण टाळांच्या गजरात बुडवतो. तरुण कीर्तनकारांना माझे हात जोडून सांगणे आहे, शेवटच्या चरणासाठी पाच मिनिटे राखून ठेवा. हे कोणी म्हटले, कुठे राहून म्हटले, एवढे तरी सांगा.

लहान शब्द जपायचे कसे, याचा धडा नाथबाबांनी घालून दिला आहे. तीनशे वर्षे हातोहात उतरताना ज्ञानेश्वरीच्या पाठात अशुद्धे शिरली होती. शके 1506 मध्ये नाथांनी प्रती ताडून पाठ शुद्ध केला. स्वतः एवढे मोठे कवी, पण आपली भर घातली नाही. उलट पुढच्यांना बजावले की यात कोणी आपली ओवी मिसळू नये. तसे करणे म्हणजे अमृताच्या ताटात नरोटी ठेवणे. एवढी कडक ताकीद देतानाही नाथांना आठवली ती स्वयंपाकघरातली नारळाची करवंटी.

म्हणून यंदा पारायणाला बसाल तेव्हा एक करा. ‘मग’ आला की पुढे काय, या उत्सुकतेने वाचा. ‘कां’ आला की दुसऱ्या दृष्टांतासाठी मन मोकळे करा. ‘हें असो’ला क्षणभर थांबा. आणि अठरावा अध्याय संपून पसायदान आले की त्याचा पहिला शब्द नीट ऐका. तो ‘आतां’ आहे. दिवसभराचे काम उरकून, हात पुसून, घरातली माउली म्हणते ना, आता एवढे द्या. त्याच साधेपणाने ज्ञानोबामाउलींनी विश्वासाठी मागितले.

असो. लिहिण्यासारखे पुष्कळ आहे, पण जागा संपली. रामकृष्णहरी.