भांगेचे एकाकी झाड आणि वनस्पतींच्या लिंगभेदाचा वाद

वनस्पतींनाही लिंगभेद असतो, हे मत प्रयोगाने प्रथम मांडले ते ट्यूबिंगेनच्या कामेरारियुसने, इ. स. १६९४ च्या आपल्या प्रसिद्ध पत्रात. एरंडाची नरफुले खुडली तेव्हा सकस बी धरले नाही. मक्याचे स्त्रीकेसर कापले तेव्हाही तोच अनुभव आला. भांगेने मात्र त्याला चकविले. नर झाडांपासून दूर ठेवलेल्या मादी झाडांवरही काही बी धरले. हा प्रतिकूल पुरावा त्याने दडविला नाही, ही गोष्ट त्याच्या शास्त्रनिष्ठेची द्योतक होय.

पुढे १७६० मध्ये सेंट पीटर्सबर्गच्या अकादमीने गौरविलेल्या प्रबंधात लिनियसने हाच प्रश्न घरातल्या कुंड्यांत सोडविला. दोन निरनिराळ्या खोल्यांच्या खिडक्यांत त्याने भांग पेरली. एका कुंडीत नरमादी एकत्र राहू दिली, तेथे बी धरले. दुसरीतील नर ओळखू येताच काढले, तेथे धरले नाही. वाद मिटला असे वाटावे, तोच स्पालान्झानीने त्याच शतकाच्या उत्तरार्धात एकाकी मादी झाडांपासून पुन्हा बी मिळविले आणि परागाची आवश्यकता सर्वत्र नाही, असा निष्कर्ष काढला.

प्रयोग खोटे नव्हते, गृहीतक अपुरे होते. भांग सामान्यतः विभक्तलिंगी असली, तरी मादी झाडावर क्वचित मोजकी नरफुले येतात. शिवाय तिचा पराग वाऱ्यावर दूरवर जातो. ‘एकाकी’ मानलेले झाड खऱ्या अर्थाने एकाकी नसे.

विद्वानांना जो अपवाद वाटला, त्याच्याशी बंगालच्या शेतकऱ्याच्या पोटाचा संबंध होता. आजच्या बांगलादेशातील नौगावच्या गांजाच्या शेतांत नर झाडे हुडकून काढण्यासाठी ‘पोद्दार’ नावाचा जाणकार बोलावीत. १८९३-९४ च्या भांग-गांजा आयोगाने त्याची नोंद घेतली आहे. (नाणी पारखणाऱ्या आपल्याकडील पोतदाराशी या नावाचे नाते उघड आहे.) पराग उधळण्यापूर्वी नर उपटला नाही, तर तुरे बियांनी भरत आणि मालाचा कस जाई. परंतु अख्खे झाड पारखणे एक आणि मादीच्याच तुऱ्यात दडलेले एखादे नरफूल पारखणे दुसरे. तेथे पोद्दाराची नजरही चुकणे शक्य होते.

हे फूल येते कशामुळे, याचा शोध विसाव्या शतकातला. अमेरिकेत शाफ्नरने दिवसाच्या लांबीचा लिंगाविष्कारावर होणारा परिणाम दाखविला. त्यानंतरचे महत्त्वाचे काम दिल्ली विद्यापीठातले आहे. मोहन राम आणि जैस्वाल यांनी १९७२ मध्ये जिबरेलिनच्या योगाने मादी झाडांवर नरफुले आणली. १९८२ मध्ये मोहन राम आणि सेट यांनी चांदीच्या क्षारांनी तेच साधले, आणि त्या फुलांतील पराग जननक्षम ठरला.