ज्यूरीचें बोलावणें

आपलीं मुलेंबाळें परदेशीं स्थायिक झालीं, त्यांतलीं कांहीं तिकडचीं नागरिक झालीं, आणि त्यामुळें एक जुना शब्द आपल्या घरांत पुनः ऐकूं येऊं लागला आहे. एके दिवशीं सरकारी लखोटा येतो; अमुक तारखेस अमुक न्यायालयांत हजर व्हावें, न झाल्यास दंड होईल, असें त्यांत बजावलेलें असतें; आणि ही वार्ता इकडे पोंचतांच आईबापांच्या मनांत पहिली शंका येते ती ही कीं, मुलावर कांहीं किटाळ तर आलें नाहीं ना! वास्तविक तें बोलावणें आरोपीचें नसून न्याय करणाराचें असतें. अमेरिकेंत तें तेथील नागरिकांसच येतें. इंग्लंडांत मात्र एक मौज आहे. तेथें ज्यूरीची निवड मतदारांच्या यादींतून होते, आणि त्या यादींत तेथें रीतसर राहणाऱ्या राष्ट्रकुलांतील नागरिकांचींहि नांवें असतात. त्यामुळें पांच वर्षें तेथें राहिलेल्या हिंदी नागरिकावरहि इंग्रज आरोपीचा न्याय करण्याचा प्रसंग येऊं शकतो. ज्या गोष्टीसाठीं आपल्या पणजोबांच्या पिढीस अर्जामागून अर्ज करावे लागले, ती आज आयती टपालानें घरीं येते, हा काळाचा महिमा.

परंतु हें बोलावणें आपल्याकडे नवें नाहीं. मुंबईंतील सुशिक्षित गृहस्थांच्या घरीं तें पिढ्यान् पिढ्या येत असे. इ. स. १६७२ मध्यें गव्हर्नर जेराल्ड आंजियर यानें मुंबईंत कंपनीचें न्यायालय उघडलें, तेव्हांपासून ज्यूरी या बेटावर आहे.  १८२६ च्या कायद्यानें हिंदी लोकांस तींत बसण्याची मुभा मिळाली, पण त्या मुभेंत मोठी मेख होती. ख्रिस्ती आरोपीचा न्याय ख्रिस्ती ज्यूरीनेंच करावयाचा, आणि खटला मुळांत चालवावा कीं नाहीं हें ठरविणाऱ्या ग्रँड ज्यूरींत तर ख्रिस्त्यांखेरीज कोणी बसावयाचेंच नाहीं. म्हणजे हिंदु-मुसलमानांचा न्याय ख्रिस्त्यानें केलेला चालेल, पण ख्रिस्त्याचा न्याय हिंदूनें केलेला चालणार नाहीं! या भेदाविरुद्ध बंगाल्यांत राममोहन रॉय यांनीं तक्रार केली, आणि अखेर १८३२ च्या कायद्यानें तो भेद काढून टाकण्यांत आला.

ज्यूरी म्हणजे आपली जुनी पंचायतच, असें म्हणण्याची चाल आपल्या लेखकांत फार आहे. आम्हांस तें अर्धेंच खरें वाटतें. एल्फिन्स्टननें १८१९ मध्यें पेशव्यांच्या मुलखाविषयीं जो अहवाल लिहिला, त्यांत पंचायतीचें वर्णन विस्तारानें आलें आहे. पंच हे वादी-प्रतिवादींच्या ओळखीचे, त्यांच्या गोताचे किंवा गांवचे असत. निकाल मान्य करूं असा राजीनामा दोघांकडून आधीं लिहून घेतला जाई. आणि पंचांचें मुख्य कसब तंटा मिटविण्यांत असे. ज्यूरीचें सर्व उलट. ज्यूरर आरोपीस अनोळखी असला पाहिजे, त्यानें तडजोड करावयाची नसते, आणि त्याचें काम एकाच प्रश्नाचें उत्तर देण्याचें, कीं ही गोष्ट घडली कीं नाहीं. पंचाची योग्यता त्याला माहिती आहे म्हणून; ज्यूररची योग्यता त्याला माहिती नाहीं म्हणून. ज्यांस न्यायालयाची पायरी कशी ती ठाऊक नव्हती अशा नगरवासीयांस हा फरक उमजावयास वेळ लागला असल्यास नवल नाहीं.

१८९८ चा फौजदारी कार्यपद्धतीचा कायदा पाऊण शतक चालला. त्यांत ज्यूररचे हक्क व बंधनें जशीं लिहिलीं होतीं, तशीं तीं आजहि वाचण्यासारखीं आहेत, कारण परदेशांतल्या ज्यूररासहि थोड्या फरकानें तींच लागू पडतात. एकवीस ते साठ वर्षांच्या पुरुषांस बोलावणें येई. स्त्रियांचा विचारच नव्हता. वकील, धंदा करणारे डॉक्टर, पूजाअर्चा चालविणारे धर्माधिकारी यांस माफी असे. सेशन्स कोर्टाचें बोलावणें येऊनहि सबळ कारणाशिवाय जो गैरहजर राही, त्यास शंभर रुपयांपर्यंत दंड, आणि त्या काळीं शंभर रुपये म्हणजे पुष्कळ कारकुनांचा कित्येक महिन्यांचा पगार. हायकोर्टांत नऊ जणांची ज्यूरी बसे. नांव पुकारल्यावर आरोपीस त्या गृहस्थावर हरकत घेतां येई. कारण न सांगतां आठ हरकती आरोपीच्या आणि आठ सरकारच्या. त्याहून अधिक हरकती घ्यावयाच्या तर कारण दाखविलें पाहिजे. मग ज्यूरीनें आपल्यांतून एक फोरमन निवडावयाचा. खटल्याविषयीं एखाद्या ज्यूररला स्वतःची कांहीं माहिती असेल, तर ती त्यानें सोबत्यांच्या कानांत सांगावयाची नाहीं. न्यायाधीशास कळवावयाची, म्हणजे त्यास शपथ देऊन इतर साक्षीदारांप्रमाणें त्याची जबानी उलटतपासणीसह घेतां येई. आम्हांस हें कलम सर्व कायद्यांत अत्यंत सूज्ञ वाटतें. ज्यूररच्या खोलींत उलटतपासणी न झालेला एकहि शब्द शिरतां कामा नये, हा त्यांतला मर्म आहे. इंग्लंडांत ज्यूररनें खटल्याविषयीं आपण होऊन इंटरनेटवर शोध घेणें हा २०१५ पासून स्वतंत्र गुन्हा ठरला आहे. कलम नवें, मर्म तेंच.

कायद्याचा अर्थ सांगावयाचा न्यायाधीशानें, आणि घडलें काय तें ठरवावयाचें ज्यूरीनें, ही कामांची वांटणी वाचावयास सोपी आहे. ती कशी बिघडते हें मराठी माणसास टिळकांच्या दोन खटल्यांवरून जितकें कळावें तितकें दुसऱ्या कशावरूनहि कळणार नाहीं.

१८९७ च्या सप्टेंबरांत न्यायमूर्ति स्ट्रेची यांजपुढें राजद्रोहाचा खटला चालला. ज्यूरींत सहा युरोपियन व तीन हिंदी होते. सहा जणांनीं दोषी म्हटलें, तिघांनीं निर्दोषी, आणि दीड वर्षाची सक्तमजुरी झाली. स्ट्रेचीसाहेबांनीं ज्यूरीस कायदा समजावून सांगतांना ‘अप्रीति’ या शब्दाचा अर्थ प्रीतीचा अभाव असा केला. सरकारवर प्रेम नसणें हाच अपराध ठरला, तर मग निर्दोषी कोण उरतो? येथें ज्यूरी कोणाची बनली होती याइतकेंच, तिला कायदा काय म्हणून सांगितला गेला, हेंहि महत्त्वाचें होतें. ही दुसरी गोष्ट आपण बहुधा विसरतों.

१९०८ चा खटला न्यायमूर्ति दावर यांजपुढें १३ जुलैस सुरू झाला. हेच दावर १८९७ मध्यें टिळकांचे वकील होते आणि त्यांनींच तेव्हां त्यांस जामिनावर सोडविलें होतें. या खेपेस त्यांनीं जामीन नाकारला. सरकारनें साध्या ज्यूरीऐवजीं स्पेशल ज्यूरी मागितली व ती मिळाली. स्पेशल ज्यूरीची यादी मोठ्या व्यापाऱ्यांची व पेढीवाल्यांची, आणि म्हणून बहुतांशीं गोऱ्यांची. शेवटीं सात युरोपियन व दोन पारशी असे नऊ जण बसले. ज्या लेखांवर खटला होता, ‘देशाचें दुर्दैव’ आणि ‘हे उपाय टिकाऊ नाहींत’, ते मराठींत. आणि त्यांचा न्याय करणारे मराठी न जाणणारे! कायद्यांत ज्यूररवर हरकत घेण्याचें एक कारण ‘भाषा न समजणें’ असें स्पष्ट दिलेलें होतें. पण त्यालाहि पळवाट होती. पुराव्याचा तर्जुमा होत असेल, तर ज्यूररला तर्जुम्याची भाषा समजली म्हणजे पुरे. म्हणून खटल्याचें सारें ओझें सरकारी भाषांतरावर येऊन पडलें. टिळकांनीं आपला बचाव स्वतः केला आणि एकवीस तासांहून अधिक काळ भाषण केलें, त्यांतला पुष्कळसा भाग एकेका मराठी शब्दाची छटा त्या नऊ गृहस्थांस समजावून देण्यांत गेला. न्यायालयांतला हा एक अपूर्व भाषावर्ग म्हणावयाचा! २२ जुलैच्या रात्रीं निकाल आला: सात दोषी म्हणणारे, दोघे निर्दोषी म्हणणारे. सहा वर्षें काळेंपाणी. ज्यूरीनें कांहींहि म्हटलें तरी आपण निर्दोषी आहों, असें त्यांनीं जें शांतपणें सांगितलें, तें आज हायकोर्टांत संगमरवरावर कोरलेलें आहे.

या दोन निकालांवरून ज्यूरी ही परक्या सत्तेची सोंगटी असा समज व्हावा, हें साहजिक आहे. परंतु त्या काळच्या आपल्या पुढाऱ्यांनीं तो समज करून घेतला नाहीं, हें ध्यानांत ठेवण्याजोगें आहे. १८९२ मध्यें बंगाल सरकारनें खुनासारखे गुन्हे ज्यूरीकडून काढून घेतले, तेव्हां तेथें एवढें काहूर उठलें कीं, पुढल्याच वर्षीं सरकारास हुकूम मागें घ्यावा लागला. तक्रार ज्यूरीविरुद्ध नव्हती. ज्यूरींत कोणास बसवितात याविरुद्ध होती. ही तक्रार रास्त होती, असें आमचेंहि मत आहे.

आतां लोकांत खोलवर रुजलेल्या एका गैरसमजाकडे वळूं. ‘नानावटी खटल्यानें ज्यूरी बुडविली’ असें जो तो म्हणतो, चित्रपटांतूनहि तेंच सुचविलें जातें. खटल्याची हकीकत प्रसिद्ध आहे. नौदलाचे कमांडर कावस नानावटी यांनीं २७ एप्रिल १९५९ रोजीं प्रेम आहुजा यास गोळ्या घातल्या. ‘ब्लिट्झ’ पत्रानें आरोपीची बाजू उचलून धरली, सारें शहर दोन तट पडून बोलूं लागलें, आणि सेशन्स कोर्टांत नऊपैकीं आठ ज्यूररांनीं निर्दोषी असा निकाल दिला. न्यायाधीश मेहता यांस तो पटला नाहीं. कलम ३०७ प्रमाणें त्यांनीं प्रकरण हायकोर्टाकडे पाठविलें. हायकोर्टानें १९६० च्या मार्चांत जन्मठेप दिली आणि सर्वोच्च न्यायालयानें २४ नोव्हेंबर १९६१ रोजीं ती कायम केली.

येथें दोन गोष्टी नीट पाहिल्या पाहिजेत. पहिली अशी कीं, ज्यूरी नको असें लॉ कमिशननें सांगितलें तें १९५८ मध्यें, सेटलवाड यांच्या अध्यक्षतेखालीं झालेल्या चौदाव्या अहवालांत. तेव्हां नानावटी प्रकरण घडलेंहि नव्हतें. ज्यूरीच्या सोबत्यांस, म्हणजे ज्यांचें मत न्यायाधीशावर बंधनकारक नसे त्या असेसरांस, तर १९५५ मध्येंच निरोप मिळाला होता. उलट, नानावटी निकालानंतरहि देशांत ज्यूरीपुढें खटले चालतच राहिले. नव्या फौजदारी कायद्यानें, जो १९७३ मध्यें मंजूर होऊन १ एप्रिल १९७४ पासून अंमलांत आला, तिचें नांव पुसलें. २०२४ पासून लागू झालेल्या नव्या संहितेंतहि तें नाहीं.

दुसरी गोष्ट अधिक महत्त्वाची. त्या आठ जणांवर वर्तमानपत्रांस भुललेले म्हणून सारा दोष टाकणें सोपें आहे. परंतु हायकोर्टाच्या दोन न्यायमूर्तींचेंहि एका कारणावर एकमत नव्हतें. नाईक यांच्या मतें कोणताहि समंजस माणूस असा निकाल देऊं शकला नसता. शेलत यांनीं मात्र न्यायाधीशानें ज्यूरीस केलेल्या उपदेशांतील चुकांवर बोट ठेविलें. अपघात घडला असें आरोपी म्हणत असेल, तर तें शाबित करण्याचा बोजा कोणावर. ‘गंभीर व आकस्मिक क्षोभ’ म्हणजे काय. या प्रश्नांवर ज्यूरीस जें सांगावयास हवें होतें तें नीट सांगितलेंच गेलें नाहीं, असें सर्वोच्च न्यायालयासहि वाटलें. म्हणजे कायदा समजावून देणाराकडून चूक झाली आणि बदनामी ऐकणारांची झाली. स्ट्रेचीसाहेबांच्या ज्यूरीनें चुकीचा उपदेश मुकाट्यानें ऐकला व दोषी म्हटलें. नानावटींच्या ज्यूरीनें सदोष उपदेश ऐकला व निर्दोषी म्हटलें. पहिलीचा निकाल कायम राहिला, दुसरीचा फिरला. ज्यूरीपद्धति असावी कीं नसावी याविषयीं आमच्यांतहि मतभेद आहेत. पण तिच्यावर ठेवलेला आरोप शाबित झाला आहे, असें आम्ही म्हणणार नाहीं.

आणि ज्यूरी या देशांतून अगदीं नाहींशी झाली, असेंहि म्हणतां येत नाहीं. पारशी विवाह व घटस्फोटाच्या १९३६ च्या कायद्यान्वयें मुंबई हायकोर्टांत पारशी विवाहविषयक न्यायालय बसतें. तेथें न्यायाधीशाशेजारीं पारशी समाजांतील प्रतिनिधि बसतात. त्यांची नेमणूक दहा वर्षांची असते. प्रत्येक खटल्यास पूर्वी सात जण लागत, १९८८ च्या दुरुस्तीपासून पांच. पतिपत्नींत काय घडलें हें ठरवावयाचें त्यांच्या बहुमतानें, आणि कायद्याचा अर्थ न्यायाधीशानें. पोटगी व मुलांचा ताबा हे प्रश्न मात्र त्यांच्याकडे नाहींत; ते एकट्या न्यायाधीशानें ठरवावयाचे.